कर्जमाफी, पण कुणाच्या खात्यातनं?

या वेळचं पत्र मिरज साइडच्या एका दादांचं आहे. वय त्रेसष्ट, रिटायर्ड, गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झालेली. पत्र सहा पानी आहे आणि दोन ठिकाणी शाई पसरलीय, कशानं ते मी विचारत नाही. सगळं देणं शक्य नाही, म्हणून कामापुरतं त्यांच्याच शब्दांत:

"ताई, सलाम. आम्ही दोघंच भावंडं, मी आणि धाकटी बहीण, ती इचलकरंजीला दिलेली. वडील २००३ ला गेले, आई २००८ ला. वडलांनी नोकरीत पोटाला चिमटा काढून बत्तीस गुंठे जमीन घेतलेली. २००९ ला मी बहिणीला रजिस्टर ऑफिसला बोलवलं, म्हटलं आईचं नाव सातबाऱ्यावरनं कमी करायचंय, वारसाची सही लागती. तिनं न वाचता सही केली. ते हक्कसोड पत्र होतं. २०१४ ला प्लॉटिंगवाल्याला जमीन दिली, अडतीस लाख आले. घर बांधलं, पोराला इंजिनीअर केलं. तिला रुपया दिला नाही. तिला कुठनंतरी कळलं असणार, कारण त्या वर्षीच्या नाताळपासनं तिनं घरी यायचं बंद केलं, पण तोंडानं कधी काही बोलली नाही. दाजी चार वर्षांपूर्वी वारले. ती आता ब्लाउज शिवती.

यंदा गुड फ्रायडेला प्रभूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी पहिला उद्गार पाळकसाहेबांनी मला बोलायला दिला. हे बापा, त्यांना क्षमा कर. चार पानं लिहून नेलेली. उभा राहिलो आणि दोन वाक्यांच्या पुढं गेलोच नाही. लोकांना वाटलं परत छातीत दुखायलाय, पाणी आणून दिलं. ताई, मी रोज रात्री क्षमा मागतो. चर्चच्या कंपाउंडला एक्कावन्न हजार दिले. तरी झोप नाही. हे दुखणं देवानं शिक्षा म्हणून दिलं का? बाप्तिस्मा झालेल्या माणसानं समजून उमजून केलेलं पाप माफ होतं का? बायको म्हणती देवानं माफ केलं, विषय संपला, पोराचं लग्न डिसेंबरात आहे, आता जुनं उकरू नका. आणि प्रभूच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराला तरी कुठं काय परत द्यायला लागलं? मला देवानं माफ केलंय हे मला कळणार कसं?"

दादा, सलाम.

आधी ती दोन भुतं उतरवते, मग मुद्द्यावर येऊ. अँजिओप्लास्टी ही शिक्षा नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मापासनं आंधळ्या असलेल्या माणसाला बघून शिष्य हेच विचारतात, पाप कुणाचं, याचं का याच्या आईबापाचं, आणि प्रभू म्हणतो याचंही नाही आणि त्यांचंही नाही. तुम्हीच तिसऱ्या पानावर लिहिलंय की चाळीस वर्षं दिवसाला चार पुड्या मावा चालला. मग ते बिल देवाच्या नावावर कशाला फाडताय ओ.

दुसरं भूत, माफ न होणारं पाप. तुम्ही इब्री लोकांस पत्राचा दहावा अध्याय, तो समजून उमजून केलेल्या पापाचा, काढून बसलाय हे मला पत्रावरनंच कळलं, झोप उडालेली माणसं बरोबर तिथंच जाऊन पोचतात. पेत्राला बघा. तीन वर्षं प्रभूच्या मागं फिरला, पाण्यावरनं चालला, आणि प्रभूला धरून नेलं त्या रात्री शेकोटीजवळ एका दासीनं नुसतं विचारलं तर म्हणाला मी त्याला ओळखतच नाही, एकदा नाही, तीनदा. समजून उमजून, शपथा घेऊन. आणि त्याच पेत्राला प्रभूनं नंतर समुद्राकाठी बोलवून नाश्ता दिला आणि आपली मेंढरं सांभाळायला दिली. पवित्र आत्म्याविरुद्धच्या पापाबद्दल मार्काच्या तिसऱ्या अध्यायात आहे ते आहे, पण ज्याला त्याची भीती वाटती त्यानं ते केलेलं नसतं, हे आमच्या संडे स्कूलच्या बाईंनी मला मी तेरा वर्षांची असताना सांगितलेलं आणि त्याच्या पलीकडचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

आता खरं काम.

प्रभूच्या प्रार्थनेत आपण मराठीत काय म्हणतो ते जरा सावकाश म्हणून बघा. जशी आम्ही आमच्या ऋण्यांना ऋणं सोडली तशी तू आमची ऋणं सोड. पापं नाही, अपराध नाही, ऋणं. लहानपणी मला वाटायचं हे वाण्याच्या उधारीबद्दलच आहे, कारण महिनाअखेरीला आमच्या गल्लीतल्या दुकानदाराची ती लांबडी लाल वही बघितली की बाबांचा चेहरा बदलायचा, आणि मी मनातल्या मनात म्हणायचे, देवा ह्यांची तेवढी सोड. आता वाटतं मी फारशी चुकत नव्हते. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात पेत्र विचारतो भावाला किती वेळा माफ करू, सात वेळा करू का, आणि प्रभू म्हणतो साताच्या सत्तर वेळा, आणि लगेच जी गोष्ट सांगतो ती चक्क कर्जाचीच आहे. एका चाकराकडं राजाचे दहा हजार तालांत देणं. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिवसांची मजुरी, म्हणजे एकूण सहा कोटी दिवस. द्राक्षबागेतल्या गड्याची हजेरी पाचशे धरली तर तीन हजार कोटी रुपये. हे कुणी फेडत नसतं, फेडतो म्हणणारा थाप मारतोय हे राजाला पण कळतंय, आणि तरी राजा सगळं सोडतो. हप्ते पाडत नाही, जामीनदार मागत नाही, सोडतो.

ही झाली देवाची क्षमा. ती तुम्हाला आहे. तुम्ही मागितली त्या पहिल्या रात्रीच होती. स्तोत्रकर्ता म्हणतो पूर्व पश्चिमेपासनं जितकी लांब तितकं लांब त्यानं आपले अपराध नेले, आणि मीखा संदेष्टा म्हणतो तो आपली पापं समुद्राच्या तळाला टाकतो. त्यामुळं रोज रात्री तेच तेच मागणं हे मला जरा वेगळंच वाटतं, रागावू नका, पण ज्यानं एकदा दिलंय त्याच्याच दारात रोज उभं राहायचं म्हणजे दुसऱ्या दाराकडं जायला लागू नये म्हणून केलेली सोय वाटती.

कारण ऋण सोडणं म्हणजे काय हे आपल्या भागातल्या माणसाला शिकवायला नको. २००८ ला कर्जमाफी झाली, २०१७ ला झाली, २०१९ ला परत झाली. याद्या आल्या, कुणाचं नाव बसलं कुणाचं राहिलं, सगळं बघितलंय आपण. पण कर्ज हवेत गेलं का कधी? बँकेला, सोसायटीला ते पैसे तिजोरीतनं आलेच. कुणीतरी भरतंच. आपला ख्रिस्ती लोकांचा विश्वास असा आहे की देवानं "जाऊ दे, काय झालंच नाही" असं म्हटलेलं नाही. झालंय, त्याची किंमत आहे, आणि ती त्यानं स्वतः वधस्तंभावर सोसली. आपल्याला फुकट मिळती कारण तोटा त्यानं अंगावर घेतला.

आता तुमची केस बघा दादा. तुम्ही पण २००९ ला एक कर्जमाफी केलीय, स्वतःची स्वतःला, आणि ती बहिणीच्या खात्यातनं केलीय. कागदाचं नाव काय तर हक्कसोड. आपल्यात वारसाहक्क १९२५ च्या इंडियन सक्सेशन ॲक्टनं चालतो आणि त्यात मुलगा मुलगी असा फरकच नाही, दोघं भावंडं तर निम्मं निम्मं, मृत्युपत्र नसेल तर. म्हणजे त्या बत्तीसातले सोळा गुंठे तिचे होते, तुमच्या मर्जीचा प्रश्नच नव्हता. कदाचित तुम्ही तोंडानं मागितले असते तर तिनं दिलेही असते, आपल्याकडच्या किती बहिणी देतात, माहेर तुटू नये म्हणून हसत हसत अंगठा देतात. पण सोडायचं का नाही हे ठरवायचा मान तिचा होता. तो तुम्ही सहीसकट काढून घेतला.

आणि एक गोष्ट, जी तुम्हाला आवडणार नाही. मी पत्र तीनदा वाचलं. पहिल्या पानावर तुम्ही सरळ लिहिलंय, मी खोटं सांगून सही घेतली. पण पाचव्या पानावर, जिथं प्रार्थनेत काय म्हणता ते लिहिलंय, तिथं शब्द आहेत "व्यवहारात थोडं पुढंमागं झालं असेल तर प्रभू क्षमा कर". पुढंमागं? असेल तर? दादा, मला सहा पानांत जे लिहिलं ते देवाला का सांगत नाही? योहानाच्या पहिल्या पत्रात, पहिल्याच अध्यायात, आपल्या मराठी शास्त्रात काय सुंदर शब्द ठेवलाय, पापं पदरी घेतली तर. कबूल करणं वेगळं, ते नाक मुठीत धरून पोलीस स्टेशनला पण करता येतं. पदरी घ्यायचं म्हणजे हे माझं आहे म्हणून झोळी पसरून उचलायचं, मूल उचलतात तसं. गुड फ्रायडेला तुमचा आवाज गेला ना, मला तर वाटतं ती इतक्या वर्षांतली तुमची पहिली खरी प्रार्थना होती. छातीचं दुखणं नव्हतं ते, आणि हे तुम्हाला पण माहितीय.

एक्कावन्न हजारांचं. कंपाउंड चांगलं झालं असेल, गुरं आत यायची बंद झाली असतील, त्याला माझं काही म्हणणं नाही. पण हा प्रकार पाचशे वर्षं जुना आहे. रोममध्ये सेंट पीटरचं मोठं चर्च बांधायला पैसे हवे होते म्हणून पापाच्या शिक्षेतनं सूट देणारे कागद गावोगाव विकले जायचे, आणि त्यावरच १५१७ ला विटेनबर्गमध्ये मार्टिन ल्यूथरनं ते पंच्याण्णव मुद्दे काढले, ज्यातनं पुढं तुम्ही आम्ही प्रोटेस्टंट म्हणवणारे आलो. त्यातला पहिलाच मुद्दा असा की पश्चात्ताप हा एका दिवसाचा विधी नसतो, विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्य पश्चात्तापाचं असावं अशी प्रभूची इच्छा. आणि आपण काय केलं, ल्यूथरचं नाव घेत घेत कंपाउंडवर नावाची फरशी बसवली. त्यात पैसे तरी कुणाचे? निम्मे तर बहिणीचेच की ओ. म्हणजे कंपाउंडला देणगी तिनं दिली आणि नाव तुमचं लागलं. (कॅथलिक लोकांवर हसायला जाऊ नका, वसईकडं ज्याला कुमसार म्हणतात त्या पापनिवेदनात सुद्धा चोरलेलं परत करायची तयारी लागतेच, फादर पण नुसतं जा म्हणत नाहीत.)

मत्तयाच्या पाचव्यात आहे की तू वेदीवर दान आणलंस आणि तिथं तुला आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथंच ठेव आणि आधी जा. आमच्याकडं ह्याच्यावर उपदेश झाला की जो तो मान वळवून शेजारच्या बाकावर बघतो, कोण माझ्याशी बोलत नाही ते. पण शब्द नीट बघा, तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध असं नाही, त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध. आणि भाऊ म्हटलंय म्हणून बहीण त्यातनं सुटत नाही.

आता तुमचा तो चोर. हा मुद्दा तुम्ही वकिलासारखा काढलाय, मला हसू पण आलं. बरोबर आहे, त्याला कुणाचं काही परत करायला लागलं नाही, त्याला आजच सुखलोकात असशील म्हणून सांगितलं. पण दादा, त्याचे हात खिळलेले होते. तुमचे मोकळे आहेत. तसंच दावीद राजाच्या एक्कावन्नाव्या स्तोत्राचं, तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध मी पाप केलं, ह्या ओळीमागं लपणारे मी बरेच बघितलेत, म्हणजे कसं, विषय देवाचा आणि माझा, मधे बाकी कुणी यायचं नाही. दावीदाला ते म्हणता आलं कारण ज्याची बायको नेली त्या उरीयाला त्यानं आधीच मारून टाकलेला, त्याच्या दारात जायची सोयच राहिली नव्हती. तुमची बहीण इचलकरंजीला आहे. एसटीनं तासाभराचा रस्ता.

तुम्हाला माणूस बघायचाच असेल तर जक्कय बघा, लूकच्या एकोणिसाव्यातला. यरीहोचा जकातदार, बुटका, लोकांना लुबाडून गब्बर झालेला, गर्दीत दिसेना म्हणून उंबराच्या झाडावर चढून बसला. आणि इथं क्रम बघा. प्रभू आधी म्हणतो, खाली ये, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. जक्कयनं तोवर एक रुपया परत केलेला नाही, करतो असंही म्हटलेलं नाही. आधी पाहुणा घरात आला. आणि मग जक्कय उभा राहून म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कुणाचं अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत करतो. मग प्रभू म्हणतो आज या घराला तारण झालं. म्हणजे परत केलं म्हणून देव आला असं नाही, देव आला म्हणून हाताची मूठ सुटली. मूठ सुटत नसेल तर मात्र पाहुणा नक्की घरात घेतलाय का दारातच उभा केलाय हे ज्याचं त्यानं बघावं.

वहिनींचं म्हणणं मी उडवून लावत नाही. घरात लग्न आहे, लोक काय म्हणतील, व्याही काय म्हणतील, हे सगळं खरं आहे आणि ते बाईलाच निस्तरावं लागतं. पण देवानं माफ केलं म्हणजे विषय संपला, इथं मला आमचा २०१९ चा ऑगस्ट आठवतो. महापूर, सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर गेलेली, आमच्या घरात छातीएवढं पाणी. ते पाणी उतरवणं आमच्या हातात नव्हतंच, कुणाच्याच नव्हतं, ते ज्या दिवशी उतरायचं त्या दिवशी उतरलं आणि आम्ही रस्त्यावर उभं राहून देवाचे आभार मानले. आणि मग दार उघडलं. गाळ. चिकट, काळा, वास मारणारा गाळ, कपाटाच्या खणात, मिक्सरच्या भांड्यात, अल्बममधल्या फोटोंच्या मधे. तो पाण्याबरोबर गेला नाही. आठ दिवस घमेल्यानं काढला तरी दिवाळीत शिवणाच्या मशीनचा खण ओढला तर त्यात वाळून तडकलेला थर होताच. उतरलेलं पाणी उतरलेलंच होतं, त्यात काही खोटं नव्हतं, पण गाळ कुणी काढायचा? तर तुमच्याकडं सध्या गाळाच्या घरात मांडव घालायचा बेत चाललाय.

आता आमच्या आईच्या पाटल्यांची गोष्ट सांगते. मामा आता नाही, नाव लिहीत नाही. १९८१ ला त्यानं आईच्या दोन पाटल्या नेल्या, चार तोळ्यांच्या, गहाण ठेवतो आणि सहा महिन्यांत सोडवून आणतो म्हणाला. पुढं म्हणाला लिलावात गेल्या. नव्हत्या गेल्या, त्यानं विकलेल्या, आणि आईला ते माहीत होतं. मग आला तो थेट १९९९ च्या मे महिन्यात, भर दुपारी, आई मागच्या अंगणात लोणच्याच्या कैऱ्या फोडत बसलेली. रुमालाची पुरचुंडी तिच्या पुढं पायरीवर ठेवली. नव्या केलेल्या पाटल्या, वजनाला तेवढ्याच, सोनाराची पावती आत. म्हणाला अक्का, मी विकल्या होत्या. लिलाव खोटा होता. मग जरा वेळानं म्हणाला, देवानं मला माफ केलंय, तू पण केलंस ना?

आईनं अडकित्ता खाली ठेवला नाही. म्हणाली, "देवानं केलं असंल. माझं अजून व्हायचंय. चहा घेतोस का?"

तो बसला, चहा घेतला, बशीत ओतून, आई कैऱ्या फोडत राहिली, दोघं पावसाबद्दल बोलले. पुरचुंडी दिवेलागणीपर्यंत पायरीवरच होती, मीच उचलून आत ठेवली. त्या पाटल्या आईनं हातात घातल्या २००४ ला, माझ्या भाचीच्या बाप्तिस्म्याला, मामा समोरच्या बाकावर होता, दोघांनीही त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. म्हणजे पाच वर्षं लागली तिला. पण मामी काय सांगायची ऐका, त्या मे महिन्यातल्या दिवशी मामा घरी गेला आणि रात्री चार भाकरी खाल्ल्या त्यानं आणि भिंतीकडं तोंड करून घोरत पडला. कितीतरी वर्षांत असा झोपला नव्हता म्हणे. आईचं हो आलेलं नसताना.

तुम्ही विचारलंय ना, कळणार कसं. मला एवढंच माहितीय.

तर आता काय करायचं. आधी वहिनींना सांगा, बहिणीकडं जाण्याच्या आदल्या दिवशी नाही, आजच. मग पोराला सांगा, त्याच्या कॉलेजच्या फीमध्ये आत्याचे पैसे आहेत हे त्याला लग्नाआधी कळू दे, इंजिनीअर झालाय, भागाकार येतो त्याला. रक्कम किती, तर निम्मे एकोणीस लाख तर आहेतच. मोशेच्या नियमशास्त्रात, गणनेच्या पाचव्या अध्यायात, घेतलेलं पुरं परत करून वर पाचवा हिस्सा घालायला सांगितलाय, तो धरला तर बावीस लाख ऐंशी हजार होतात. जक्कयचं चौपट मी तुम्हाला सांगत नाही, तुमचं हार्ट मला सांभाळायचंय. एकदम नसतील तर असतील तेवढे आता द्या आणि बाकीच्याचा कागद करा, तारखा घालून, वरच्या मजल्याचं भाडं येतं म्हणून लिहिलंय ते सरळ तिच्या खात्यावर वळवा. सगळं बँकेतनं द्या. भावानं बहिणीला दिलेल्या पैशावर तिला इन्कम टॅक्स बसत नाही, तरी एकदा वकिलाला दाखवून घ्या. लग्नाचा हॉल लहान घ्या.

मग जा. एकटे. पाळकसाहेबांना सांगायचं असेल तर जरूर सांगा, याकोबानं पण लिहिलंय एकमेकांजवळ पापं कबूल करा, पण त्यांना मध्यस्थ म्हणून बरोबर न्यायचं नाही, चार माणसांसमोर ती बिचारी नाही कशी म्हणणार. साताच्या सत्तर वेळा हे वाक्य तिच्या दारात काढायचं नाही. ते वाक्य तिचं आहे, तिला वाटलं तर ती काढेल. "मला माफ कर" हे पण शेवटी म्हणा, म्हणायचंच असेल तर, आधी काय केलं ते म्हणा, पहिल्या पानावर लिहिलंय तसं, पाचव्या पानावरचं नको. ती रडेल, ओरडेल, दार लावेल, किंवा काहीच बोलणार नाही आणि मशीन चालवत राहील. सगळ्याचा तिला हक्क आहे आणि हा तरी तिनं कुठल्या कागदावर सोडलेला नाही. पैसे मात्र तिनं दार लावलं तरी द्यायचे. आणि चर्चमध्ये उभं राहून ह्याची साक्ष वगैरे द्यायची घाई करू नका, लोक टाळ्या वाजवतील आणि तुम्हाला वाटेल झालं सगळं.

एक विसरत होते. तिच्याकडनं पोच म्हणून सुद्धा सही घेऊ नका. बँकेची एंट्री पुरे. तुम्ही पुढं केलेल्या कागदावर तिनं परत पेन टेकवावं असं काहीही नको.

जाऊन आलात की एक कार्ड टाका. ती काय बोलली ते लिहू नका, ते तुमचं दोघांचं. चहा दिला का तेवढं कळवा.

तुमची ताई